एका सकाळचे बारा महिने

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'कॉम्प्लायन्स मॅनेजर' असं छापलेलं होतं. कंपनी कायद्याला धरून वागते की नाही हे बघणारी बाई, असा त्याचा अर्थ. पुण्याला गेले की नातेवाइकांना हे समजावताना माझी पंचाईत व्हायची. एका आत्यानं तर सरळ विचारलं होतं, "म्हणजे तू तिकडे त्या चिन्यांना वळण लावतेस का गं?" आणि मी ऐटीत हो म्हणून टाकलं होतं. वळण कसलं आणि काय! दुबईतल्या एका चिनी सरकारी बांधकाम कंपनीत मी नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांत मी कंपनीचे कागद असे रचून ठेवले की कुठूनही बघावं आणि कंपनी आपली सोवळ्यात दिसावी.

कंपनी तेलाच्या टाक्या बांधायची. टाकी म्हणजे गच्चीवरची नव्हे. चार-पाच मजली इमारत आत मावेल एवढी लोखंडी टाकी. काम फुजैराला, बंदराजवळ. ऑफिस दुबईत, आणि आमचं घर ऊद मेथाला, मुलीच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. आठवड्यातून एकदा मी डोंगर ओलांडून साइटवर जायचे, हेल्मेट घालून एक चक्कर मारायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे. तेवढ्यावर माझ्या अहवालात 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं वाक्य यायचं.

एका वर्षी बीजिंगच्या मुख्यालयानं 'कायदापालन वर्ष' जाहीर केलं. त्याबरोबर तीनशे पानांचं एक पुस्तक आलं. त्यात लिहिलं होतं, मायदेशात मायदेशाचा कायदा पाळावा, परदेशात तिथलाही कायदा पाळावा, आणि दोन्हींचं जमत नसेल तर मुख्यालयाला विचारावं. मी भाबडेपणानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा आठ-दहा दिवसांनी उत्तर आलं की स्थानिक परिस्थिती पाहून योग्य तो निर्णय घ्यावा. तीनशे पानांचं सार एवढंच, की बाबांनो, काहीही करा पण आमच्यावर येऊ देऊ नका.

त्या कंपनीचा एक रिवाज होता. केलेल्या प्रत्येक कामाची खूण मागे राहिली पाहिजे, असं वरच्यांचं म्हणणं. ऐकायला किती छान! प्रत्यक्षात खूण म्हणजे लाल बॅनर आणि त्याखाली ओळीनं उभ्या माणसांचा फोटो. आगीची कवायत झाली, फोटो. झाड लावलं, फोटो. तीनशे पानांच्या पुस्तकाचं सामूहिक वाचन झालं, म्हणजे फोटो झाला. वाचन कोणी केलं मला माहीत नाही. फोटो मुख्यालयात गेला की काम झालं, आणि फोटो नसेल तर तुम्ही गोवर्धन पर्वत उचलला असला तरी तो उचललेला नाही. मी घरी याची भरपूर टर उडवायचे. नवऱ्यानं भांडी घासली की म्हणायचे, "बॅनर कुठाय?" आम्ही खूप हसायचो. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, हे तेव्हा मनात यायचं नाही. आपल्याकडे फोटोसुद्धा लागत नाही, कोपऱ्यात एक वाकडी सही पुरते.

आमचे जनरल मॅनेजर उत्तर चीनमधले, पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे. आधी आफ्रिकेत पाच वर्षं काढून आलेले. दुष्ट म्हणावं तर तसे नव्हते; साइटवर कोणी आजारी पडलं तर स्वतः गाडी काढून दवाखान्यात नेत. पण मुख्यालयाचा फोन आला की या माणसाची पाचावर धारण बसायची. उभ्यानं फोन घ्यायचे. आमची सगळी बोलणी दुभाषी मुलीमार्फत चालायची. ती चीनमध्येच इंग्रजी शिकलेली, पंचवीस-सव्वीसची, आणि ऑफिसात सर्वांत हुशार तीच होती.

डिसेंबरात साहेबांनी मला बोलावलं. मुख्यालयाची तपासणी फेब्रुवारीत येणार होती. वर्षभरात साइटवरच्या लोकांना सुरक्षिततेची बारा प्रशिक्षणं द्यायची होती, महिन्याला एक. साहेबांनी विचारलं, "किती झाली?"

"एकही नाही," मी म्हटलं.

ते चिनीत काहीतरी म्हणाले. मग दुभाषी मुलीनं खाली बघत भाषांतर केलं, "सर विचारतात, बारा खुणा कमी आहेत, काय करता येईल?" प्रशिक्षणं कमी आहेत असं त्यांनी म्हटलं नव्हतं. आणि मी, जी घरी त्यांची टर उडवत होते, ती पटकन म्हणाले, "सर, एका दिवसात होईल." ही कल्पना साहेबांची नव्हती, मुख्यालयाची नव्हती, माझीच होती. चिनी लोक असे आणि चिनी लोक तसे, असं पुढे अनेकांना मी रंगवून सांगितलं. त्यात हा भाग मी नेहमी गाळायचे.

बारा बॅनर छापून घेतले. एकाला चाळीस दिरहॅम, म्हणजे नऊशे-हजार रुपये. फुजैराच्या साइटवर एक लांबट पत्र्याची खोली होती, तिथे पस्तीस-चाळीस कामगार जमवले आणि सकाळी आठला सुरुवात केली. जानेवारीच्या बॅनरखाली जॅकेट घालून फोटो. एप्रिलसाठी जॅकेटं काढली. जुलैसाठी बाह्या वर करायला लावल्या आणि पुढच्या रांगेतल्या दोघांच्या कपाळावर मी स्वतः पाणी शिंपडलं, घाम दिसावा म्हणून. रमजानच्या महिन्याचा बॅनर लागला तेव्हा टेबलावरच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या उचलायला हव्यात, हेही माझ्याच लक्षात आलं. रोज्याच्या दिवसांत दुपारी कोणी समोर बाटल्या मांडून बसेल का! स्वतःच्या या बारकाव्याचं मला केवढं कौतुक वाटलं. साहेबांनीही अंगठा दाखवला. साडेअकराला वर्ष संपलं, आणि हजेरीच्या बारा कागदांवर सगळ्यांच्या बारा-बारा सह्या घेऊन झाल्या.

प्रत्येक फोटोत पुढच्या रांगेत, मधोमध, आमचा फोरमन होता. रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरच्या एका गावचा, पांढरी दाढी, धिप्पाड. वीस वर्षं आखातात काढलेली. मी मराठी आहे हे कळल्या दिवसापासून तो मला ताई म्हणायचा, मी त्याला भाई. सुट्टीवरून येताना माझ्यासाठी कोकम आणायचा. फोटोत भारदस्त दिसतो म्हणून मीच त्याला मधे उभं करत होते. सप्टेंबरचा बॅनर होता 'बंद जागेत उतरण्याचे सुरक्षा प्रशिक्षण'. बंद जागा म्हणजे टाकीचं पोट. त्या फोटोत तो थोडा गंभीर दिसतो.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन कामगार रंगाचा थर तपासायला टाकीत उतरले आणि आतल्या वासानं बेशुद्ध पडले. आत माणूस पाठवण्याआधी हवा मोजायची असते, बाहेर एक माणूस सतत उभा ठेवायचा असतो, आणि आत कोणी पडला तर मागोमाग धावत जायचं नसतं, हा पहिला नियम. फोरमननं हवा मोजली नव्हती. त्या यंत्राचं खोकं अजून गोदामात होतं, प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. दोघं आत पडल्याचं कळल्यावर हा गडी तोंडाला ओला रुमाल बांधून तसाच आत घुसला आणि दोघांनाही एकामागून एक ओढत बाहेर आणलं. दोघं चार दिवस दवाखान्यात राहून बरे झाले. फोरमन दोन दिवस नुसता खोकत होता.

मुख्यालयाला आणि इथल्या संबंधित कार्यालयाला अहवाल द्यायचा होता. साहेबांनी तो आधीच लिहून ठेवला होता: फोरमनला सप्टेंबरमध्ये पूर्ण प्रशिक्षण दिलेलं आहे, सोबत फोटो आणि सही, तरीही त्यानं हवा मोजली नाही, आणि मग नियम मोडून स्वतः आत शिरला, दोष व्यक्तीचा आहे, व्यवस्थेचा नाही. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात ते त्या दीड पानात नमुन्यादाखल होतं. ज्या धडपडीनं त्यानं दोन जीव वाचवले, तीच त्याच्यावरचा दुसरा आरोप झाली. शिकवलेला माणूस असा आत धावत नाही, ही गोष्ट कोणाही शहाण्याला दिसली असती. मला दिसली. मी सही केली. दुभाषी मुलीनं कागद माझ्यासमोरून उचलताना माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मी फोन हातात घेतला.

फोरमनवर ठपका कायम झाला तर नोकरी जाणार होतीच, पण प्रकरण पुढे गेलं तर केस, आणि केस म्हणजे देश सोडायला बंदी. तेव्हा त्याच्या मुलीचा निकाह फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी गावी ठरलेला होता. तीन आठवडे उरले होते. रजा आधीच मंजूर झाली होती, तिकीट काढलेलं होतं. चौकशी संपेपर्यंत त्याचा पासपोर्ट कंपनीनं ठेवून घेतला.

आता, कामगाराचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं इथल्या कायद्यात बसत नाही. हे मला पाठ होतं, कारण ते पाठ असण्याचाच मला पगार मिळत होता. म्हणून काही वर्षांपूर्वी मी एक फॉर्म तयार केला होता. 'मी माझा पासपोर्ट सुरक्षिततेसाठी स्वखुशीने कंपनीकडे ठेवत आहे.' खाली सही. इंग्रजी, हिंदी, बंगाली आणि चिनी अशा चार भाषांत. स्वखुशीने हा शब्द मी ठळक अक्षरांत घातला होता. फोरमनला तो फॉर्म पुढे केला तेव्हा त्यानं वाचलासुद्धा नाही, सही केली.

आठवड्यानं तो दुबईला माझ्या ऑफिसात आला. फुजैराहून टॅक्सी बदलत आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पाकीट, त्यात निकाहचं कार्ड. मी त्याला बसायला सांगितलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, मला काय पैसे-बिसे नको," तो म्हणाला. "नोकरी गेली तरी चालंल, अल्ला मालिक आहे. फक्त पासपोर्ट द्यायला सांगा साहेबांना. निकाह झाला का मी परत येतो. काय चौकशी करायचीय ती करा."

"भाई, फाइल हेडऑफिसला गेलीय. प्रोसेस चालू आहे. माझ्या हातात काय नाही आता."

तो कार्डाच्या कडेवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही तिथं होतात ना?"

एवढंच. आवाज चढवला नाही, मला खोटारडी म्हटलं नाही. मी म्हटलं, "मी बोलून बघते." त्यानं मान हलवली, कार्ड टेबलावर ठेवलं, "घरच्यांना घेऊन या, रत्नागिरीला आलात तर" असं म्हणाला आणि गेला. मी कोणाशीही बोलले नाही. साहेबांच्या केबिनकडे दोनदा गेले, हे खरं. एकदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा ते रिकामे होते आणि मी त्यांना मेच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक दाखवून परत आले.

माझं कारण अगदी साधं होतं. माझा व्हिसा कंपनीचा, मुलीचा व्हिसा माझ्या व्हिसावर, तिचं बारावीचं वर्ष. प्रशिक्षण खोटं होतं असं सांगायचं तर ते खोटं मीच रचलं होतं हेही सांगावं लागलं असतं. जेवताना एकदा मी घरी अर्धवट सांगितलं. साहेब कसे, मुख्यालय कसं, बिचारा फोरमन कसा. मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली, "बट आई, यू वर देअर, राइट? सो जस्ट से इट."

मी तिच्यावर खेकसले की तुला ऑफिसातलं काय कळतं, आधी अभ्यास कर. नवऱ्यानं पोळी मागितली. विषय तिथेच खलास.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी फोरमनच्या मुलीचा निकाह झाला. मंगळवारी तपासणी आली.

बीजिंगहून दोघं आले होते. त्यांतला मोठा बुटका, साठीकडे झुकलेला, कोपरावर झिजलेलं राखाडी जॅकेट घातलेला. आमच्या साहेबांनी समुद्रकाठच्या हॉटेलात मोठं टेबल सांगून ठेवलं होतं. ते त्यानं रद्द करायला लावलं. तिकडे आता अशा मेजवान्यांवर वरून कडक नजर असते म्हणे. फुजैराला तो कामगारांच्या मेसमध्ये जाऊन बसला आणि चमच्यानं डाळभात खाल्ला. मी मनात म्हटलं, हाही फोटोच असणार, देखल्या देवा दंडवत. पण त्याचा फोटो कोणी काढला नाही. जेवताना फोरमन त्याच्या समोर बसला होता, आणि दुभाषी मुलगी मधे. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मी दुसऱ्या टेबलावर साहेबांना लोणचं वाढत होते.

दुपारी पत्र्याच्या खोलीत त्यानं बारा फोटो टेबलावर मांडले, पत्त्यांचा डाव मांडावा तसे. खिशातून पेन्सिल काढली. प्रत्येक फोटोत कोपऱ्यात पाण्याचा कूलर होता, आणि त्यावर उलटी ठेवलेली मोठी निळी बाटली. टेबलावरच्या छोट्या बाटल्या मी किती काळजीपूर्वक उचलल्या होत्या! हा कूलर मला एकदाही दिसला नव्हता. छोट्या बाटल्या वाटल्या असल्यामुळे त्या दिवशी कूलरला कोणी हात लावला नव्हता. त्यानं बाराही फोटोंत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं एक-एक रेघ ओढली. बाराही रेघा एकाच उंचीवर.

मग तो काहीतरी म्हणाला. दुभाषी मुलीनं भाषांतर केलं, "सर विचारतात, या साइटवर वर्षभर कोणाला तहान लागली नाही का?"

साहेब हसले. मग हसायचे थांबले. मग त्यांनी भराभर काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे बोट केलं. दुभाषी मुलगी म्हणाली, "जनरल मॅनेजर म्हणतात, प्रशिक्षणाचं सगळं लोकल स्टाफ बघतो. त्यांना कल्पना नव्हती."

तेव्हा मी बोलले. सगळं बोलले: एक सकाळ, बारा बॅनर, कपाळावरचं पाणी, अहवालावरची सही, स्वखुशीचा फॉर्म. पुढे कोणी कोणी मला म्हणालं, किती धैर्य लागलं असेल. धैर्य कसलं डोंबलाचं! साहेबांनी मला खड्ड्यात ढकललं म्हणून मी त्यांचा हात धरून त्यांनाही ओढलं. त्यांनी त्या दिवशी गप्प राहून मला सांभाळून घेतलं असतं, तर मीही गप्प राहिले असते, आणि आज हे लिहिलंही नसतं.

बीजिंगच्या त्या माणसानं मला आत्मपरीक्षण लिहायला सांगितलं. हाही त्यांच्याकडचा एक रिवाज. चूक केलेल्या माणसानं आपल्या हातानं आपली चूक लिहून द्यायची. टाइप केलेलं चालत नाही. मी विचारलं, इंग्रजीत लिहू का. तो म्हणाला, ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत लिहा, मग या मुलीला वाचून समजावा. पंचेचाळीस वर्षांची बाई, दोन पदव्या, आणि शाळकरी पोरीसारखी 'मी पुन्हा असे करणार नाही' लिहीत बसणार! मला मनातून हसू येत होतं. तरी बसले आणि तासाभरात चार पानं लिहिली. मराठी माझी चांगली आहे. कर्तव्यपालनात झालेली कसूर, प्रक्रियेतील त्रुटी, उत्तरदायित्वाची जाणीव, भविष्यकाळात घ्यावयाची दक्षता. शिरवळच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस मिळवलेली मी, शब्दांना काय तोटा. दुभाषी मुलीला इंग्रजीत सांगितलं, तिनं त्याला चिनीत सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं, पानं एकावर एक नीट लावली आणि माझ्याकडे परत सरकवली.

"सर म्हणतात," मुलगी म्हणाली, "हाही फोटोच आहे."

मी पानं उचलून घेतली. तो पुन्हा बोलला. मुलीनं भाषांतर करायला या वेळी थोडा वेळ घेतला. "सर म्हणतात, फोटोच्या दिवशी त्या फोरमननं तुम्हाला काय विचारलं होतं, तेवढंच लिहा."

ते मी इथेही आतापर्यंत लिहिलेलं नाही. सप्टेंबरच्या बॅनरचा फोटो झाल्यावर फोरमन माझ्याजवळ आला होता. मी पुढच्या बॅनरच्या दोऱ्या सोडवत होते. तो म्हणाला, "ताई, हे जे लिहिलंय ते आम्हाला खरंच शिकवणार ना? पुढच्या महिन्यात, जानेवारीत, टाकीच्या आत काम आहे. मी बाहेरची कामं केलीत सगळी, आतलं कधी नाय केलं. पोरं माझ्या भरवशावर आत जाणार." आणि मी वर न बघता म्हणाले होते, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक. यल्ला, चला भाई, ऑक्टोबर लावा." इन्शाल्ला हा शब्द त्या माणसाच्या तोंडी खरा असायचा. मी तो त्याला वाटेला लावायला वापरला.

हे मी लिहिलं. अर्धं पान झालं. सगळं लिहून झाल्यावर मला रडू आलं, आणि रडू आल्याचाही राग आला, कारण रडणं सोपं होतं. त्या बुटक्या माणसानं अर्धं पान घडी करून आपल्या वहीत ठेवलं आणि बाहेर साइटवर निघून गेला. मला एक शब्द बोलला नाही, चांगलाही नाही आणि वाईटही नाही. त्याच्याबद्दल मनात जे जे कुत्सित बोलले होते ते मला गिळावं लागलं, आणि ते फार कडू लागलं.

दुसऱ्या दिवशी फोरमनचा पासपोर्ट त्याच्या हातात दिला गेला. अहवाल मागे घेतला, नवीन पाठवला, त्यात त्याचं नाव फक्त दोघांना बाहेर काढणारा म्हणून आलं. माझा फॉर्म बंद झाला. साहेबांना मायदेशी बोलावून घेतलं. कोणी म्हणतं त्यांच्यावर कारवाई झाली, कोणी म्हणतं त्यांना दुसऱ्या देशात मोठा प्रकल्प मिळाला. दोन्ही खरं असू शकतं, तिथेही आणि आपल्याकडेही. मला नोकरीवरून काढलं नाही. पद काढलं आणि टेंडरच्या कागदांची छाननी करायला बसवलं. व्हिसा वाचला, मुलीचं वर्ष वाचलं. ज्याच्या भीतीनं मी तीन आठवडे तोंड शिवून बसले होते, त्यातलं काहीएक झालं नाही.

नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच महिन्यात बाहेरून खरा प्रशिक्षक बोलावून तीन दिवस खरं प्रशिक्षण दिलं, हे मान्य केलं पाहिजे. त्यानंतर 'नोंदी प्रामाणिकपणे ठेवण्याचे प्रशिक्षण' अशा लाल बॅनरखाली सगळ्यांचा फोटो झाला. फोटोच्या आधी कोणीतरी धावत जाऊन कूलरची बाटली बदलली.

मार्चमध्ये टेंडरच्या कामासाठी मी फुजैराला गेले. फोरमन रजेवर जाऊन आला होता. जाताना मी त्याच्या मुलीसाठी सोन्याचे कानातले घेतले होते, चांगले वजनदार, छोट्या लाल डबीत. दुकानात उभी असताना मला बरं वाटत होतं. तो साइटच्या गेटजवळ भेटला. सलाम केला, तब्येत विचारली, माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. मी निकाह कसा झाला विचारलं. तो म्हणाला, चांगला झाला, पोरांनी मोबाइलवर दाखवला मला. मेसमध्ये बसून बघितला, मधे दोनदा नेट गेलं. 'कबूल है' त्याला ऐकायला मिळालं नाही, तेवढा भाग राहिला. हे सगळं तो वादळवारा सांगावा तसं सांगत होता. दावा नाही, टोमणा नाही.

मी डबी पुढे केली. म्हटलं, "भाई, मुलीला द्या. माझ्याकडून."

त्यानं डबी उघडली, बघितली, बंद केली. परत केली नाही. कोकणातला माणूस, दारात आलेल्या बाईला असं तोंडावर नाही म्हणणार नाही.

"देतो, ताई," तो म्हणाला. "पण ती विचारणार, कोणी दिलं. तिला काय सांगू, तुम्ही कोण?"

त्याला खरंच उत्तर हवं होतं. तो उन्हात डोळे बारीक करून माझ्याकडे बघत थांबला, मी काही सांगेन म्हणून.